डेन्मार्कचे अकरा दिवस, काशीचा एक महिना

विहिणीबरोबर तीर्थयात्रा करू नये असं आपल्याकडे कुणी सांगून ठेवलेलं नाही. असलं धाडस कुणी करील असं पूर्वजांना वाटलंच नसावं. मी मात्र केलं, आणि तेही डेन्मार्कच्या विहिणीबरोबर. आमच्या मुग्धानं तिकडच्याच मुलाशी लग्न केलं, त्याची आई म्हणजे इंगे. वय अडुसष्ट, उंची इतकी की आमच्या कऱ्हाडच्या घरात ती तीन दिवसांत चार चौकटींना धडकली. थंडीत ती पहिल्यांदाच आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मला काशी बघायची आहे." मी शाळेत तेहेतीस वर्षं गणित शिकवलं. मुलांना रागावण्यापुरतं आणि प्रमेय समजावण्यापुरतं इंग्रजी मला येतं, आणि विहिणीशी बोलायला तेवढं पुरतं असा माझा अनुभव आहे.

निघायच्या दिवशी सकाळी आईनं मला देवघरात बोलावलं. आई पंच्याऐंशीची. कान अजून तिखट, आणि जीभ कानांहून. पण त्या दिवशी ती खाली बघून बोलत होती.

"तुझे अण्णा काशीत गेले ते तुला ठाऊक आहे. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही."

अण्णा माझे वडील. मी चार वर्षांची असताना ते आजोबांच्या अस्थी घेऊन काशीला गेले. तिथं एका मराठी घरी राहून मुलांना संस्कृत शिकवू लागले आणि तिथंच वारले. एवढं मला माहीत होतं. आई सांगत होती ते असं : जाताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ती म्हणाली होती, "गेलात तर परत येऊ नका." सहासात महिन्यांनी, घरात गौरी जेवत होत्या त्याच दिवशी, त्यांचं कार्ड आलं. 'परत येऊ का? एक ओळ टाक.' आई रुसलेलीच होती. आणखी एक आठवडा रुसून राहू दे म्हणाली. तेवढ्यात पितृपंधरवडा लागला. सासूबाई म्हणाल्या, ह्या दिवसांत बोलावणं धाडू नये, दसरा झाला की टाक. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी काशीहून पत्र आलं की भाद्रपद वद्य पंचमीला गेले.

"म्हणजे कार्ड आल्यावर तेरा दिवस होते ते," आई म्हणाली. "तेरा दिवस मी त्यांना तिष्ठत ठेवलं. तिथं कुणी जुनं माणूस असेल तर विचारून ये. त्यांनी माझ्या उत्तराची वाट बघितली का, एवढंच विचार."

साठ वर्षं आमच्याकडे पितृपंधरवड्यात पंचमीला अण्णांचं पान वाढलं जातं. त्या दिवशी आई कुणाशी बोलत नाही. ते दुःखानं असेल असंच मला इतकी वर्षं वाटत होतं.

रामघाट

काशीला पोचलो तेव्हा धुकं इतकं की गंगा आहे हे लोकांनी सांगितलं म्हणून मानलं. उतरलो रामघाटाजवळच्या एका यात्रीनिवासात. गल्ल्या अशा की समोरून सांड आला तर दोघांपैकी एकानं जन्म बदलावा. इंगे पहिल्याच वळणावर एका सांडासमोर उभी राहिली आणि तिच्या भाषेत त्याला अगदी अदबीनं काहीतरी म्हणाली. सांड बाजूला झाला! मागून एक दुकानदार म्हणाला, "माताजी को रास्ता दे दिया, हमको तो रोज सींग दिखाता है." पुढच्याच वळणावर तिचा पाय शेणात गेला, तेव्हा मात्र तिनं अदब सोडली. भाषा कळली नाही, पण आशय पोचला.

सकाळी मलइयो खाल्लं. दुधाचा फेस रात्रभर दवात ठेवून केशर-वेलची घालून मातीच्या कुल्हडात देतात. तोंडात ठेवेपर्यंत आहे आणि ठेवलं की नाही. इंगेनं तीन कुल्हड संपवले आणि विचारलं, "आपण नक्की काय खाल्लं?" मग कचोरी-जिलेबी. आपल्याकडे जिलेबी जेवणात नाहीतर सव्वीस जानेवारीला. इथं सकाळी आठला, दात घासले की जिलेबी. मला हे राज्य मनापासून पटलं.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. मी घरून तिळगूळ नेला होता, नावाड्याला दिला. तो म्हणाला, "आज तो खिचड़ी है, माताजी." इथं सणाचंच नाव खिचडी. आपण तिळगूळ घेऊन गोड बोलतो, हे लोक खिचडी खाऊन गप्प झोपतात, असं मी इंगेला सांगितलं. ते तिनं वहीत लिहून घेतलं. ते खोटं आहे हे तिला अजून सांगायचं राहिलंय.

नाव शिंदे घाटाकडे चालली होती. तिथलं ते पाण्यात कललेलं देऊळ धुक्यातून पुढं आलं. इंगेनं विचारलं, "तुमचे सगळे सण इकडेतिकडे सरकतात, मग हा एकच दरवर्षी त्याच तारखेला कसा?"

मी म्हटलं, बाकीचे चंद्राचे, हा सूर्याचा. चंद्राच्या हिशेबात कधी तिथीचा क्षय होतो, कधी अख्खा महिना जास्तीचा घालावा लागतो. मला वाटलं, हिला हे ऐकून चक्कर येईल. तर ती शांतपणे म्हणाली, "आमचेही अकरा दिवस एकदा गेले. सतराशे साली."

इंगे निवृत्तीपर्यंत जुन्या चर्चच्या नोंदवह्या वाचून लोकांना त्यांची घराणी शोधून द्यायची. म्हणजे ह्या बाबतीत ती आमच्या क्षेत्रोपाध्यांच्या जातीची. तिनं सांगितलं ते मी थोडक्यात सांगते. जुनं कॅलेंडर सूर्याच्या मागं पडत चाललं होतं. शेजारच्या देशांनी शंभरेक वर्षांपूर्वीच ते दुरुस्त केलं होतं, पण ती दुरुस्ती पोपनं केलेली, म्हणून डेन्मार्क तयार नाही. नावडतीचं मीठ अळणी! शेवटी तिथल्या एका खगोलशास्त्रज्ञानं, प्रकाशालाही वेग असतो हे ज्यानं दाखवलं त्यानंच, राजाचं मन वळवलं. हुकूम निघाला. सतराशे सालच्या फेब्रुवारीत सगळा देश रविवारी अठरा तारखेला झोपला आणि सोमवारी उठला तो एक मार्चला.

"मधले दिवस?" मी विचारलं.

"नव्हतेच. कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही, कुणाला वाढदिवस नाही. आमच्या गावच्या वहीत पाद्रीबाबानं दोन ओळींच्या मध्ये थोडी जागा सोडली आहे. मला वाटतं, तोही बावरला असेल."

मी खूश झाले. असलं उदाहरण वर्गात मिळालं असतं तर मी महिनाभर पुरवलं असतं. पण इंगे हसत नव्हती.

"त्या वहीत एक बाळ आहे," ती म्हणाली. "मुलगी. त्या रविवारी बाप्तिस्मा, दोन मार्चला दफन. तिच्या घराण्यातली एक बाई माझ्याकडे आली होती. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं होतं की बाप्तिस्म्यानंतर बाळ तेरा दिवस जगलं. त्या बाईची स्वतःची मुलगीही तान्हेपणीच गेली होती. मी हिशेब करून तिला सांगितलं, तेरा नाही, दोन. ती रडली. म्हणाली, तुम्ही आमच्या बाळाचे अकरा दिवस काढून घेतलेत. हिशेब माझा बरोबर होता, शैला. पण सांगायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

सतराशे साली गेलेल्या मुलीसाठी ही अडुसष्ट वर्षांची बाई गंगेवर बसून डोळे पुसत होती. विहिणीच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे मला सुचेना. मग ठेवला.

दूधविनायक

अण्णांच्या मृत्यूचं पत्र आईनं माझ्याबरोबर दिलं होतं. त्यावर दूधविनायकाचा पत्ता. पाच जणांना विचारून, सहाव्यानं चुकवून, सातव्यानं नेऊन सोडलं. दार उघडलं ते पंचाहत्तरीच्या एका गृहस्थांनी. कानटोपी, शाल, हातात अडकित्ता. हे दिनकरराव. पत्र त्यांच्या वडिलांनी लिहिलेलं. घराणं आठ पिढ्या काशीत.

"या, या, अंदर या! कऱ्हाडहून? म्हणजे तुम्ही कऱ्हाडकर गुरुजींच्या मुलगी? अगं ए, बघ कोण आलंय! चाय चढव. ताई, ठंड फार आहे, रजाई घेऊन बसा, संकोच नका करू. आमच्या मराठीला हसू नका हं, घरातल्या घरात बोलतो, बाहेर सगळं हिंदीच चलतं."

मी हसले नाही. काशीतल्या अण्णांना ओळखणारं माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

त्यांच्या पत्नी मालतीवहिनींनी उठू दिलंच नाही. जेवायला वरणभात, त्यावर लिंबू, आणि शेजारी मटारचा निमोना, म्हणजे हिरवे दाणे वाटून केलेली झणझणीत रसभाजी. "आमच्या सासूबाई म्हणायच्या, वरण आपल्या मुलखाचं, निमोना गंगामाईचा," त्या म्हणाल्या. इंगेनं दोन वेळा मागून घेतलं आणि मी शिकवलेला शब्द "पुरे" हा "पुरी" असा उच्चारल्यामुळे तिच्या पानात गरम पुऱ्या येत राहिल्या.

जेवणानंतर मी आईचा प्रश्न विचारला.

दिनकररावांनी कानटोपी काढून हातात घेतली. "मी चौदा साल का होतो. गुरुजी मला रूपावली शिकवायचे. बुखार आला होता त्यांना, तेवढं आठवतं. पण थांबा. आमचे पिताजी रोज लिहायचे. पानी किती चढलं, कोण आलं, कोण गेलं, सगळं."

जुन्या पेटीतून त्यांनी एक लांबट वही काढली. बाळबोध, टपोरं, मराठी अक्षर. त्यांनी पान उलगडून माझ्यापुढं धरलं. 'भाद्रपद वद्य ५. कऱ्हाडकर पहाटे गेले. सालस माणूस. मुलांनी आज पाठ म्हटला नाही.'

मी तेवढंच वाचलं. पुढचं डोळ्यांतल्या पाण्यानं दिसेना. मालतीवहिनींनी मला जवळ घेतलं, आणि मी त्या परक्या घरात पोटभर रडून घेतलं. इंगे वही घेऊन बसली होती. अक्षर तिला एक कळत नव्हतं, पण सवय कुठं जाते? पानं मागंपुढं करत होती. जरा वेळानं तिनं वही मिटली आणि माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळभर ती गप्प होती. मला वाटलं, पुऱ्या बाधल्या.

पुन्हा दूधविनायक

सकाळी रामघाटाच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो होतो. वरच्या वेदशाळेतून मुलांची संथा ऐकू येत होती. इंगे म्हणाली, "तुला एक विचारायचं आहे. नको म्हणालीस तर मी परत कधी काढणार नाही. तुझे वडील गणपतीनंतर गेले, असंच म्हणालीस ना?"

"हो. गौरी-गणपती झाले, मग पंधरवडा लागला, त्यातल्या पंचमीला."

"त्या वहीत मग असं का आहे? ज्या पानावर तू रडलीस, त्याच्या चार पानं पुढं तांबड्या शाईनं गणपती काढलेला आहे. मागं नाही. पुढं."

मी म्हटलं, असेल कुठला तरी दुसरा. ती म्हणाली, "मला वाचता येत नाही. म्हणून मला फक्त क्रम दिसतो."

ती एवढंच बोलली आणि पाण्याकडे बघत राहिली. ठरवायचं माझ्यावर सोडलं होतं तिनं. मी चपला घातल्या आणि तशीच निघाले. गल्ली मला तोपर्यंत पाठ झाली होती, तरी दोनदा चुकले.

दिनकररावांनी वही पुन्हा काढली. मी आता मास्तरणीच्या डोळ्यांनी वाचू लागले. आधी श्रावण शुद्ध. राखी. मग भाद्रपद वद्य. त्यात अण्णा. मग अवस. मग भाद्रपद शुद्ध चतुर्थी, आणि तिथं तो तांबडा गणपती, सोंडेशी दूर्वा. वद्य आधी आणि शुद्ध नंतर! म्हणजे आधी उतार, मग चढ. मी तीनदा पानं उलटली.

"दिनकरराव, हे उलटं कसं?"

"उलटं कुठं? आमच्याकडे पूर्णिमा झाली की महिना बदलतो. राखी झाली, सावन संपला, दुसऱ्या दिवशी भादों लागला. तुमच्याकडे अवस झाली की बदलतो. तुमची गोकुळाष्टमी श्रावणात, आमची भादोंत. दिवस तोच, नाव वेगळं. आपले मराठी लोकही इथं राहून राहून असंच लिहितात, ताई. पूजेला बसलो तर तुमच्यासारखा संकल्प, वहीत बाजारातला महिना."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. उत्तरेत महिना पौर्णिमेला बदलतो हे मी कधीतरी वाचलं होतं. पण पत्र जर हिंदीत आलं असतं तर कुणीतरी चौकशी केली असती. पत्र मराठीत होतं. भाषा आपली, अक्षर आपलं, 'वद्य' हा शब्दसुद्धा आपला. फक्त महिना तिथला. कऱ्हाडात कुणाला शंका येणार? अण्णा आमच्या श्रावण वद्य पंचमीला गेले होते. गोकुळाष्टमीच्या तीन दिवस आधी. आम्ही साठ वर्षं बरोबर एक महिना उशिरा पान वाढत होतो.

आणि मग मला आईचे तेरा दिवस आठवले. मी दिनकररावांना म्हटलं, "मागची पानं वाचून दाखवता? माझ्यानं होणार नाही."

त्यांनी चष्मा लावला. "वद्य प्रतिपदा. कऱ्हाडकरांनी घरी कार्ड लिहून स्वतः पेटीत टाकले. वद्य द्वितीया. गंगा शिंदे घाटावरून गल्लीत शिरली. टपाल बंद. कऱ्हाडकरांस ज्वर. वद्य तृतीया. ज्वर उतरत नाही. वैद्य नावेतून आले. वद्य चतुर्थी. शुद्धीवर नाहीत." ते थांबले. "पुढचं तुम्ही काल वाचलंत."

"आणि टपाल?"

त्यांनी चारदोन पानं उलटली. "द्वादशीला सुरू झालं. पत्ता आमच्याकडे नव्हता हो ताई, कार्ड तर गेलं होतं. नवरात्रीत कऱ्हाडची यात्री मंडळी आली, त्यांच्याकडून घेतला. म्हणून चिठ्ठीला देर झाली."

म्हणजे गौरींच्या दिवशी कार्ड आमच्या दारात पडलं तेव्हा अण्णांना जाऊन पंधरवड्याहून जास्त झालं होतं. आई ज्यांच्यावर आठवडाभर रुसली ते नव्हतेच. वाट कोण बघणार होतं? मी हे इंगेला सांगितलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत, मध्येच मराठीत. मालतीवहिनी पदराला डोळे पुसत होत्या. इंगेनं माझे दोन्ही हात धरले.

"सांगशील आईला?" तिनं विचारलं.

तिचं ते बाळ माझ्याही डोक्यात बसलं होतं. आईच्या त्या वर्षीच्या गौरी मी काढून घेणार होते. हिरव्या बांगड्या, गजरा, सवाष्ण म्हणून भरलेली ओटी, सगळं नवरा गेल्यानंतरचं ठरणार होतं. पंच्याऐंशी वर्षांच्या जिवाला हे सोसेल का?

कऱ्हाड

इंगेला परत पाठवली. विमानतळावर तिनं मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "पुरे." ह्या वेळी उच्चार बरोबर होता.

घरी आले तेव्हा आई ओसरीवर वाल सोलत होती. मी गंगाजल दिलं, प्रसाद दिला, निमोन्याची कृती सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता सांग."

मी सांगितलं. आधी ते बाळ आणि डेन्मार्कच्या राजाचे गेलेले दिवस, मग तिथला महिना, मग वही. ती बोटांवर मोजू लागली. नारळी पौर्णिमा, प्रतिपदा, द्वितीया... पंचमीपाशी थांबली. मग पुढं अवस, चतुर्थी, गौरी. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"म्हणजे कार्ड आलं तेव्हा..."

"तेव्हा अण्णा नव्हते, आई."

"मी गजरा माळला होता गं."

"हो."

ती पुन्हा वाल सोलू लागली. मला वाटलं, चुकलं माझं, सांगायला नको होतं. मग तिनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा इतका हलका मी कधी पाहिला नव्हता.

"मी ठेवलं नाही त्यांना तिष्ठत," ती म्हणाली. "शैले, मी नाही ठेवलं. मी लिहिणार होते. कार्ड आणून ठेवलं होतं. 'या' एवढंच लिहायचं होतं. दुसरं मनात काही नव्हतं."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं वालाचं ताट बाजूला सारलं आणि एकदम तिची जुनी जीभ परत आली. "आणि साठ वर्षं हा माणूस महिनाभर उपाशी राहून मग जेवला! एक शब्द नाही बोलला कधी. स्वप्नात येऊन सांगायला काय झालं होतं?"

आम्ही दोघी हसलो, रडलो, काय केलं कोण जाणे. मग ती म्हणाली, "ह्या श्रावणात पंचमीला पान मांडायचं. भटजी काय म्हणायचं ते म्हणू देत. मी स्वतः दारात उभी राहून 'या' म्हणणार आहे. किती महिने आहेत गं श्रावणाला?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. हल्ली तिला जिना चढवत नाही, डॉक्टरांनी हृदयाचं सांगून ठेवलंय.

"यंदा अधिक महिना आलाय आई, ज्येष्ठात. श्रावण एक महिना लांब गेलाय."

"जाऊ दे," आई म्हणाली आणि वालाचं ताट पुन्हा मांडीवर ओढलं. "ते साठ वर्षं थांबले. मी एक महिना थांबेन."